जुन्या घडीच्या चाकूची मूठ कशाची आहे, हे कसं ओळखायचं

दोन चाकू एकाच कारखान्याचे, एकाच घडणीचे, एकाच काळातले असोत. एकाची मूठ सांबरशिंगाची आणि दुसऱ्याची काळ्या प्लॅस्टिकची असेल, तर संग्राहकाच्या लेखी त्या दोन अगदी वेगळ्या वस्तू ठरतात. भाव तर बदलतोच, पण सांभाळायची पद्धतही बदलते. सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकच्या मुठीचा चाकू नुसता शेजारी ठेवला, तरी चांगल्या चाकूंची पाती गंजू शकतात. म्हणून मूठ कशाची आहे हे आधी ठरवायचं. साफसफाई आणि तेलपाणी त्यानंतर.

ओळखताना बहुतेक जण मुठीचा दर्शनी भाग बघतात आणि तिथेच फसतात. नक्कल करणाऱ्याने सगळी मेहनत त्याच भागावर घेतलेली असते. पट्टीची कड, बोल्स्टरला भिडणारं तिचं टोक आणि पिनेभोवतीची जागा या तीन ठिकाणी मात्र साहित्य लपवणं फार अवघड जातं. निम्म्याहून जास्त मुठींचा निकाल तिथेच लागतो.

आधी भागांची नावं स्पष्ट करून घेऊ. मुठीच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या तुकड्यांना इथे पट्ट्या म्हटलं आहे. त्यांच्या आत पितळेचं, निकेल सिल्व्हरचं किंवा लोखंडी पातळ पान असतं, ते लायनर. टोकांना धातूचे जाड तुकडे असतात, ते बोल्स्टर. पट्टी लायनरला पिनांनी ठोकलेली असते. पट्टीच्या मध्यावर बसवलेलं धातूचं छोटं चिन्ह म्हणजे शिल्ड.

हाताशी काय हवं आणि कोणत्या क्रमाने बघायचं

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, बारीक झोताची टॉर्च, ३६५ नॅनोमीटरची यूव्ही (अतिनील) टॉर्च, छोटं चुंबक, मऊ ब्रश आणि पांढरा कागद एवढं पुरतं. पाती मिटलेली ठेवा. मूठ फिरवून बघताना अर्धवट उघडं पातं बोट कापतं. आधी कोरड्या ब्रशने मळ झाडा. तेल लावू नका. तेलाने हाडाची रंध्रं बुजतात, रंग गडद होतो आणि पुढचं सगळं निरीक्षण बिघडतं.

क्रम असा ठेवा. टॉर्च पट्टीला जवळजवळ समांतर, अगदी तिरकी धरा. म्हणजे खाचा, चरे, उचललेले थर सावलीने उठून दिसतात. दोन्ही पट्ट्या आळीपाळीने बघा आणि एकीवरची खूण दुसरीवर तशीच आहे का ते शोधा. मग भिंगाने कड आणि टोकं बघा. त्यानंतर टॉर्चचा झोत कडेला टेकवून प्रकाश आत शिरतो का ते पाहा. मूठ ओठाला किंवा गालाला लावून थंडावा तपासा: शिंपला आणि धातू स्पष्ट थंड लागतात, हाड आणि हस्तिदंत थोडे थंड, तर प्लॅस्टिक, शिंग आणि लाकूड लगेच कोमट होतात. मग अंगठ्याने पट्टी जोरात घासून गरम करा आणि ताबडतोब वास घ्या. यूव्ही शेवटी, आणि तीही अंधाऱ्या खोलीत.

तापवलेल्या सुईची चाचणी अजूनही बरेच जण सुचवतात. ती करू नका. मूठ सेल्युलॉइडची असेल तर ती पेट घेऊ शकते, कारण सेल्युलॉइड मुळात नायट्रोसेल्युलोज आहे. डेलरिन नावाचं प्लॅस्टिक तापलं की त्यातून फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो. आणि मूठ खरोखरच हस्तिदंताची किंवा कासवाच्या कवचाची निघाली, तर तिच्यावर कायमचा डाग पाडून तुम्ही तिची किंमत घालवलेली असते. ॲसिटोनचंही तेच: सेल्युलॉइड आणि सेल्युलोज ॲसिटेट दोन्ही त्यात विरघळतात. पट्टी सुटी झालेली असेल, तर तिच्या आतल्या बाजूला कापसाच्या बारीक काडीने एक ठिपका टेकवून बघता येईल. बसवलेल्या पट्टीवर कधीच नाही.

हाड की डेलरिन

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू. जुन्या अमेरिकन चाकूंवर गुराच्या नळीच्या हाडाच्या पट्ट्या असत. त्यांवर यंत्राने छोट्या छोट्या खाचा पाडून रंग दिला जाई. याला जिग केलेलं हाड म्हणतात. उद्देश दोन: पकड घट्ट यावी आणि दुरून सांबरशिंगासारखं दिसावं. ड्यूपाँट कंपनीने १९६० साली डेलरिन हे कडक प्लॅस्टिक बाजारात आणलं आणि त्यानंतरच्या वर्षांत अनेक कारखान्यांनी तीच खाचांची नक्षी साच्यातून काढायला सुरुवात केली. दुरून दोन्ही सारखीच दिसतात.

भिंग आधी खाचांच्या मधल्या सपाट जागेवर न्या, विशेषतः बोल्स्टरला लागून असलेल्या दोन-तीन मिलिमीटरच्या भागात. हाडात रक्तवाहिन्यांच्या नलिका असतात. पट्टी हाडाच्या लांबीत कापलेली असल्यामुळे या नलिका पृष्ठभागावर लहान, गडद, लांबट रेघांसारख्या दिसतात आणि पट्टीच्या टोकाशी, म्हणजे आडव्या छेदात, ठिपक्यांसारख्या. त्यात वर्षानुवर्षांचा मळ आणि रंग बसलेला असतो. रेघा लांबीत, ठिपके टोकाला: ही जोडी दिसली की ते हाडच. डेलरिनमध्ये असं काहीही नसतं. त्याचा पृष्ठभाग मेणासारखा एकसंध असतो.

मग खाचेच्या तळाशी बघा. हाडात खाच फिरत्या कटरने कोरलेली असते, त्यामुळे तळाशी कटरचे बारीक ओरखडे राहतात आणि खाचेची धार मुळात तीक्ष्ण असून वापराने बोथट झालेली असते. डेलरिनची खाच साच्यातून आलेली असल्याने तळ गुळगुळीत आणि गोलसर दिसतो. हाडाच्या दोन पट्ट्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. डेलरिनच्या पट्टीवरची एखादी वेडीवाकडी खाच त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चाकूवर अगदी त्याच जागी सापडते. इंटरनेटवर त्याच मॉडेलचे चार फोटो शेजारी ठेवले की हे लगेच कळतं.

झीज कशी झाली आहे ते वाचायला शिका. हाडाला दिलेला रंग सगळीकडे सारखा मुरत नाही. म्हणून जिथे अंगठा टेकतो, खिशाला घासतं, तिथे रंग फिका पडून खालचं पिवळट हाड डोकावतं आणि खाचांच्या तळाशी मूळ रंग टिकतो. डेलरिनचा रंग आरपार असतो. झिजल्यावर चकाकी जाते किंवा येते, रंग तोच राहतो. तडेही वेगळे असतात. हाडाचा तडा पिनेपासून निघतो आणि केसासारखा बारीक होत लांबीतच धावतो, कारण हाडाचे तंतू त्या दिशेने असतात. डेलरिन सहसा तडकत नाही.

जिगच्या नक्षीवरूनही बरंच कळतं. कनेक्टिकटमधल्या रॉकफॉल इथली रॉजर्स कंपनी अनेक कारखान्यांना जिग केलेलं हाड पुरवत असे, म्हणून त्या धाटणीला आजही रॉजर्स बोन म्हणतात. विंटरबॉटम बोनमध्ये तुटक गोल खाचांऐवजी लांबट, लांबीत धावणारे चर असतात आणि ते सांबरशिंगाच्या सालीची बरीच चांगली आठवण करून देतं. पीच सीड म्हणजे पीचच्या कोयीवर असतात तशा ओबडधोबड खळग्यांची नक्षी. हिरवट छटेचं ग्रीन बोन आणि लालसर रेड बोन ही रंगांची नावं आहेत, साहित्य हाडच.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हाडाऐवजी एक काळं, खरखरीत, अनियमित उंचवट्यांचं कृत्रिम साहित्यही वापरलं गेलं. संग्राहक त्याला रफ ब्लॅक म्हणतात. त्यात रंध्रं नसतात आणि खाचांऐवजी सुरकुत्यांसारखा पोत असतो, त्यामुळे एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही.

सांबरशिंग

शिंग या शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. सांबराचं शिंग मुळात हाड आहे, दरवर्षी गळून नवं येणारं. म्हशीचं शिंग केराटिनचं, म्हणजे नखासारख्या पदार्थाचं. दोघांची परीक्षा पूर्ण वेगळी.

सांबरशिंगाच्या पट्टीवर नैसर्गिक साल राखलेली असते. तिचे चर लांबीत, वेडेवाकडे, मधेच फुटणारे आणि मधेच विरणारे असतात. चरांच्या तळाशी तपकिरी-काळा रंग आणि उंचवट्यांवर फिका, हस्तिदंती. पट्टीची जाडी सारखी नसते. शिंग गोल असल्यामुळे मधे फुगवटा आणि कडेला उतार येतो. बोल्स्टरजवळच्या टोकाला भिंग लावलं की बाहेरचा घट्ट थर आणि आतला जाळीदार, स्पंजासारखा गाभा वेगळा दिसतो. हा गाभा हीच सर्वांत भरवशाची खूण. सांबराच्या शिंगात गाभा लहान आणि भिंत जाड असते, म्हणूनच चाकूवाल्यांनी त्याला पसंती दिली. युरोपीय रेड डिअरच्या शिंगात गाभा मोठा निघतो.

इंग्लंडमधल्या शेफील्ड, जर्मनीतल्या झोलिंगेन आणि अमेरिकेतल्या कारखान्यांना हे शिंग मुख्यतः भारतातून जाई. भारताने त्याची निर्यात १९९८ साली बंद केली आणि तेव्हापासून चांगल्या जुन्या सांबरशिंगी मुठींची मागणी चढत गेली. साहजिकच नकलाही वाढल्या. ओतीव नकलेत दोन्ही पट्ट्यांवर तोच उंचवटा त्याच जागी येतो आणि गडद रंग वरून पुसल्यासारखा, उंचवट्यांच्या बाजूंवरही चढलेला असतो.

साल काढून टाकल्यावर उरलेल्या आतल्या थराला जिग करून पट्ट्या केल्या जात. त्याला सेकंड कट स्टॅग म्हणतात (स्टॅग म्हणजे सांबरशिंग). हाडापासून तो ओळखणं खरोखर कठीण आहे. खाचांच्या मधे कुठेतरी सालीचा एखादा तुकडा राहिलेला असतो, तो शोधा. आणखी एक सापळा जुन्या कॅटलॉगांमध्ये आहे: तिथे जिग केलेल्या हाडालाही सर्रास स्टॅग किंवा बोन स्टॅग म्हटलेलं असतं. कॅटलॉगमध्ये स्टॅग छापलंय म्हणून मूठ सांबराची असेलच असं नाही.

म्हशीचं शिंग आणि कासवाचं कवच

काळी, गुळगुळीत, किंचित पिवळे-करडे पट्टे असलेली मूठ दिसली तर टॉर्च कडेला टेकवा. शिंगाची पातळ कड मधासारखी उजळते, निदान फिक्या रंगाच्या जागी. भिंगाखाली लांबीत जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसतात. म्हातारं शिंग थराथराने उलतं; पिनेभोवती किंवा टोकाला पापुद्रा उचललेला दिसतो. ते आकसतंही, त्यामुळे बोल्स्टर आणि पट्टी यांत फट पडते आणि दोन पिनांच्या मधे पट्टी वर उचलली जाते. पृष्ठभागावर खरवडल्यासारखे छोटे खड्डे असतील तर ते किड्यांनी खाल्लेले. केराटिन खाणारे किडे प्लॅस्टिकला तोंड लावत नाहीत, त्यामुळे हे खड्डे खरेपणाची खूणच समजा. शिंगाच्या मुठीला पाणी लावू नका.

शिंग उष्णतेने मऊ होतं, म्हणून जुन्या काळी ते साच्यात दाबून त्यावर सांबराच्या सालीचा पोतही उठवत. अशी मूठ नक्कल वाटते, पण असते खऱ्या शिंगाची. कडेचा उजाळा आणि थर बघितल्याशिवाय तिला प्लॅस्टिक ठरवू नका.

कासवाचं कवच हॉक्सबिल कासवाचं असतं. त्यात पिवळ्यावर तपकिरी ढग दिसतात. भिंगाखाली हे ढग असंख्य बारीक ठिपक्यांचे बनलेले असतात आणि कडेला ठिपके विरळ होत जातात. सेल्युलॉइडच्या नकलेत रंगाचे सलग ओघळ किंवा ठसठशीत कडांचे डाग असतात. फरक एवढा स्पष्ट आहे की चांगलं भिंग असेल तर दुसरी चाचणी लागत नाही.

हस्तिदंत, आणि त्याचं सोंग घेणारे

पांढऱ्या-पिवळट गुळगुळीत मुठीसाठी तीन उमेदवार असतात: हस्तिदंत, साधं पांढरं हाड आणि फ्रेंच आयव्हरी नावाने विकलं जाणारं सेल्युलॉइड. शेफील्डच्या जुन्या चाकूंवर तिन्ही भेटतात.

गडद ठिपके किंवा लांबट रेघा दिसल्या तर हाड, कारण दातात रक्तवाहिन्यांच्या नलिका नसतात. हस्तिदंताच्या पट्टीवर लांबीत बारीक, किंचित नागमोडी, कुठे जवळ तर कुठे दूर जाणाऱ्या रेषा दिसतात. टोकाच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, तिला श्रेगर रेषा म्हणतात. हत्तीच्या दातात बाहेरच्या बाजूच्या जाळीचे कोन साधारण ११५ अंशांहून मोठे असतात, मॅमथच्या दातात ९० अंशांहून लहान. पण चाकूच्या पट्टीचं टोक बहुधा बोल्स्टरखाली झाकलेलं असतं आणि पट्टीही लांबीत कापलेली असते, त्यामुळे कोन मोजण्याइतकी जाळी क्वचितच मिळते. ती दिसली नाही म्हणून हस्तिदंत नाकारू नका.

फ्रेंच आयव्हरीत रेषा असतात, पण त्या सरळ, समान अंतरावर, वहीच्या पानासारख्या आखलेल्या. घासल्यावर कापराचा वास येतो. यूव्हीखाली हाड आणि हस्तिदंत निळसर पांढरे उजळतात, तर बहुतेक प्लॅस्टिक मंद राहतं किंवा वेगळ्या रंगाचं दिसतं. मात्र पॉलिश, डिंक आणि साबणाचा अंशही यूव्हीत चमकतो, म्हणून उजळलेली जागा सगळी आहे की डागाडागांनी, हे बघा. एकट्या यूव्हीवर निर्णय देऊ नका.

हत्तीच्या दाताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या देशांनी १९८९ साली घेतला. हॉक्सबिलचं कवचही याच करारात सर्वांत कडक यादीत आहे. जुनी वस्तू असली तरी विक्री आणि सीमेपलीकडे पाठवणं यांचे नियम देशागणिक वेगळे आहेत, त्यामुळे या दोन साहित्यांबाबत ओळख चुकली तर प्रश्न फक्त किमतीचा राहत नाही.

शिंपला

मोत्याच्या शिंपल्याची मूठ हातात घेताच दगडासारखी थंड लागते. ती तिरकी करत गेलात की झळाळी पृष्ठभागाच्या आतून सरकत जाते, गुलाबी-हिरवट होत. कडेला भिंग लावलं तर थर दिसतात, क्वचित जरा तिरके. पिनेजवळ टवका उडालेला असेल तर त्याची कड धारदार आणि चकचकीत असते. ॲबलोनी या समुद्री गोगलगायीच्या शिंपल्यात हीच झळाळी गडद निळी, हिरवी, मोरपंखी होते.

नकली शिंपला बहुधा सेल्युलॉइडचा. माशांच्या खवल्यांपासून काढलेला चमकदार पदार्थ त्यात मिसळत. क्रॅक्ड आइस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात बर्फाचे तुकडे एकत्र बसवल्यासारखी नक्षी दिसते आणि प्रत्येक तुकड्याची कड स्पष्ट असते. खरा शिंपला असा तुकड्यातुकड्यांनी चमकत नाही, आणि तो पिवळाही पडत नाही. नकलेला पिवळी झाक जवळजवळ हमखास येते.

सेल्युलॉइड: ओळखा आणि बाजूला ठेवा

जॉन वेस्ली हयात यांनी १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड तयार केलं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चार-पाच दशकांत चाकूंच्या मुठींवर त्याने अक्षरशः राज्य केलं. कँडी स्ट्राइपचे रंगीत पट्टे, ख्रिसमस ट्रीचे हिरवे-लाल भोवरे, वॉटरफॉलच्या झळाळत्या लाटा, नकली कासव, नकली शिंग, नकली हस्तिदंत: इतके रंग दुसऱ्या कोणत्याच साहित्यात आले नाहीत. चांगल्या अवस्थेतली अशी मूठ फार देखणी असते.

पण नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं हे मिश्रण जन्मापासून हळूहळू विघटित होत असतं. त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात. म्हणून ओळखीची पहिली खूण मुठीवर नसते, पात्यावर असते: पात्याचा जो भाग मिटल्यावर मुठीच्या आत राहतो, तिथेच गंज आणि खड्डे, तर बाहेर राहणारी पाठ स्वच्छ. पिनेभोवती आणि पितळी लायनरच्या कडेला हिरवट पूड जमलेली असते. पट्टी आकसून पिनांच्या मधे तडकते, कडा वर वळतात. शेवटच्या अवस्थेत पृष्ठभाग चिकट होतो, घामेजल्यासारखा, आणि आत चौकोनी तुकड्यांचे तडे पडतात. पारदर्शक आणि नकली कासवाचे प्रकार सगळ्यात लवकर जातात.

घासल्यावर कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. मुठीला व्हिनेगरसारखा आंबट वास असेल तर ते सेल्युलोज ॲसिटेट, म्हणजे त्याचं नंतरचं, सहज पेट न घेणारं भावंड. तेही विघटित होतं, पण त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं. विघटन फार पुढे गेलं की कापराचा वास उरतच नाही, नाकाला झोंबणारा आम्लाचा वास येतो. तेव्हा गंज आणि हिरवी पूड यांवरच विसंबावं लागतं.

अशा चाकूला बफिंगच्या चाकावर कधीही धरू नका. घर्षणाच्या उष्णतेने पट्टी पेटते, आणि तिची घासलेली पूड तर आणखी लवकर पेटते. हवाबंद डबीत किंवा चामड्याच्या गुंडाळीतही ठेवू नका, कारण सुटलेला वायू आतच कोंडून विघटनाचा वेग वाढवतो. इतर चाकूंपासून लांब, थंड, कोरड्या आणि हवा खेळती असलेल्या जागी, प्रत्येक चाकू सुटा. दर दोन-तीन महिन्यांनी पाती उघडून बघा आणि पुसून पातळ तेलाचा हात फिरवा. पट्टी घामेजली असेल तर ती वाचत नाही. ती काढून टाकणं हाच पाती वाचवण्याचा मार्ग.

काळी आणि तपकिरी जुनी प्लॅस्टिकं

कडक रबर, म्हणजे एबोनाइट, मूळचं काळंभोर. उजेडाने ते हिरवट-तपकिरी पडतं आणि घासल्यावर गंधकाचा वास देतं. साच्यात दाबता येत असल्याने त्यावर अक्षरं, चित्रं उठवलेली असतात. ओल्या फडक्यानेही त्याचा रंग आणखी उतरतो, म्हणून कोरडंच पुसा. बेकेलाइट १९०७ चं. ते वाकत नाही, टवका उडतो, तुटलेल्या कडेला आतला लाकडाचा भुसा दाणेदार दिसतो आणि घासल्यावर फिनॉलचा औषधी वास येतो. दुधातल्या केसिनचं गॅलॅलिथ शिंगासारखं दिसतं, पण पाण्याने फुगतं आणि त्याच्या पृष्ठभागावर बारीक तड्यांचं जाळं पडतं.

मायकार्टा म्हणजे कागदाचे किंवा कापडाचे थर राळेत दाबून केलेला पदार्थ, १९१० चा. कडेला थर किंवा कापडाची वीण दिसते, झिजलेल्या वळणावर तर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखी वर्तुळं उमटतात. स्विस सैनिकी चाकूच्या मुठीतला बदल लक्षात ठेवण्यासारखा आहे: १८९० च्या मॉडेलला गडद लाकूड, १९०८ च्या मॉडेलला व्हल्कनाइज्ड फायबर, १९६१ च्या मॉडेलला उठावदार पोताचं ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम. फायबर म्हणजे कागदापासून केलेला कडक पदार्थ. तो निस्तेज असतो आणि ओल लागली की त्याच्या कडा फुलतात.

लाकूड आणि धातू

लाकडात टोकाची रंध्रं बघायची. आबनूस काळं आणि दाट, रंध्रं अगदी बारीक. काळा रंग दिलेलं साधं लाकूड ओरखड्यातून फिकं दिसतं. कोकोबोलो नारिंगी-लाल, गडद रेघांचं आणि तेलकट. ओपिनेल या फ्रेंच चाकूच्या मुठीत असतं तसं बीच फिकं, आणि त्यावर आखूड तपकिरी ठिपक्या-रेघा विखुरलेल्या. पातळ समांतर थर एकसारख्या जाडीचे दिसले, तर ते राळेत मुरवलेलं पाक्कावुड.

निकेल सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे आणि चुंबकाला चिकटत नाही. चुंबक जरासं ओढलं गेलं तर घाई करू नका, आतलं लोखंडी लायनर किंवा पाठीची स्प्रिंग ते ओढत असेल.

ठशाशी ताळा

साहित्य ठरलं की पात्याच्या बुडाशी असलेला ठसा वाचा. केस या अमेरिकन चाकू कंपनीच्या मॉडेल क्रमांकातला पहिला अंक मुठीचा असतो: ५ म्हणजे सांबरशिंग, ६ म्हणजे हाड, ८ म्हणजे शिंपला, ३ म्हणजे पिवळं कृत्रिम साहित्य. म्हणजे ५२५४ आणि ६२५४ एकाच घडणीचे, मूठ वेगळी. पण हाच ६ रफ ब्लॅकलाही दिला गेला आणि पुढे डेलरिनलाही, त्यामुळे ६ दिसला की भिंगाचं काम सुरू होतं, संपत नाही. रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीने १९२० ते १९४० या काळातल्या चाकूंवर शेवटच्या अंकात मूठ सांगितली आहे: ३ हाड, ४ शिंपला, ५ पायरेमाइट म्हणजे सेल्युलॉइड, ६ सांबरशिंग, ८ कोकोबोलो. आर ११२३ हाडाचा, आर ११२८ कोकोबोलोचा. तिथला ७ हस्तिदंती दिसणाऱ्या मुठीचा आहे, आणि ती सेल्युलॉइडचीच.

तारखेचा ताळाही लावा. केस टेस्टेड एक्सएक्स हा ठसा १९४० पर्यंतचा आणि मूठ डेलरिनची, तर मूठ नंतर बदललेली आहे, यात वादच नाही. अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं झालं ते १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने, म्हणून ठशात जर्मनी किंवा इंग्लंड असेल तर चाकू बहुधा त्यानंतरचा.

मूठ बदलल्याची शंका आली तर पिनांची डोकी बघा. जुन्या पिना पट्टीबरोबर झिजून सपाट झालेल्या असतात आणि त्यांच्याभोवती मळाची बारीक कड असते. नव्या पिनांवर हातोडीचे किंवा घासकागदाचे ताजे ओरखडे दिसतात. जुनं हाड थोडं आकसलेलं असतं, त्यामुळे बोल्स्टरशी नखाला जाणवणारी पायरी असते. शंभर वर्षांच्या चाकूवर हाड आणि बोल्स्टर एकाच पातळीत आरशासारखे मिळालेले असतील, तर दोन्ही अलीकडे एकत्र घासलेले आहेत. बोल्स्टरवर खोल ओरखडे आणि पट्टीवर एकही नाही, हेही तसंच. बोल्स्टरच्या आतल्या कडेला गोंद दिसला, किंवा यूव्हीखाली तिथे एक चमकती रेघ उठली, तर पट्टी चिकटवलेली आहे. जुने कारखाने ती पिनांवरच पेलत.

नोंद लिहिताना काय दिसलं ते लिहा आणि निष्कर्ष त्यापुढे: टोकाला ठिपके, लांबीत रेघा, खाचेत कटरचे ओरखडे, म्हणून हाड. हाड आणि सेकंड कट स्टॅग यांत निर्णय होत नसेल तर दोन्ही नावं लिहा आणि भाव हाडाचा धरा.